वाचकांचे प्रश्न : न सांगता विकलेली हार

मागील अंकात याच सदरात रॉबर्ट वाइज यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द सेट-अप’ (१९४९) या कृष्णधवल अमेरिकी चित्रपटाचा उल्लेख आला होता. स्टोकर थॉम्पसन हा पस्तिशीतला, उतरणीला लागलेला मुष्टियोद्धा एका लहान शहरातल्या सभागृहात टायगर नेल्सन या तरुण प्रतिस्पर्ध्याशी लढायला येतो. त्याच्या व्यवस्थापकाने त्याची हार एका जुगारी टोळीवाल्याला आधीच विकलेली असते. मात्र ही गोष्ट स्टोकरला कोणी सांगितलेलीच नसते. एवढ्याशा कथासूत्रावर खान्देशातल्या वाचकांनी जी पत्रे पाठवली, त्यांतील प्रश्न इतके नेमके आहेत की या वेळी संपूर्ण सदर त्यांनाच दिले आहे. ज्यांनी चित्रपट अद्याप पाहिलेला नाही, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की पुढील उत्तरांत शेवटही सांगितला आहे.

प्रश्न : या चित्रपटातला काळ आणि प्रेक्षकाच्या मनगटावरच्या घड्याळातला काळ सारखाच चालतो, असे आपण लिहिले होते. हे अक्षरशः खरे आहे का? आणि असे करून दिग्दर्शकाला नेमके काय साधले? शिवाय, चित्रपटात पार्श्वसंगीत आहे की नाही? (एक निवृत्त शिक्षक, चोपडा)

होय, जवळजवळ अक्षरशः. चित्रपट उघडतो तेव्हा चौकातल्या घड्याळात रात्रीचे ९ वाजून ५ मिनिटे झालेली असतात आणि संपतो तेव्हा त्याच घड्याळात १० वाजून १६ मिनिटे होतात. चित्रपटाची लांबीही सुमारे ७२ मिनिटांचीच आहे. वाइज हे मुळात संकलक. ‘सिटिझन केन’चे (१९४१) संकलन त्यांनीच केले होते, त्यामुळे काळ कसा आखडावा हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक होते, आणि तरीही येथे त्यांनी तो आखडला नाही.

खेळावरच्या चित्रपटांत सहसा वर्षे भराभर सरतात : गरिबी, सराव, पहिला विजय, पैसा, अधःपात. येथे यांपैकी काहीच घडत नाही. स्टोकरचा भूतकाळ आपल्याला दाखवला जात नाही. तो त्याच्या सुजलेल्या भुवयांवरून आणि बसण्याच्या पद्धतीवरून ओळखावा लागतो. वाचलेला सगळा वेळ वाइज यांनी खर्च केला आहे तो कपडे बदलण्याच्या खोलीत. त्या कोंदट खोलीतून एकेक लढवय्या बाहेर जातो आणि काही मिनिटांनी परत येतो. कोणी थरथरत, पहिल्याच लढतीच्या भीतीने पोटात ढवळून आलेला, कोणी हसत, कोणी दोघांच्या खांद्यावर. स्टोकर आपल्या हाताला पट्ट्या बांधून घेत हे सर्व पाहत असतो आणि आपणही त्याच्याबरोबर वाट पाहत राहतो. ही वाट पाहणे खऱ्या घड्याळावाचून अंगावर आले नसते.

याच खोलीत गनबोट जॉन्सन नावाचा एक थकलेला मुष्टियोद्धा आहे. अनेकदा हरूनही पुढे जगज्जेता झालेल्या एका जुन्या लढवय्याचा दाखला तो पुन्हा पुन्हा देतो आणि त्या दाखल्याच्या आधारावर रिंगमध्ये उतरतो. परत आणला जातो तेव्हा तो शुद्धीवर नसतो, आणि नाव विचारले असता स्वतःचे नाव न सांगता त्या जुन्या विजेत्याचेच नाव सांगतो. या प्रसंगात अतिशयोक्ती नाही. डोक्यावर वर्षानुवर्षे बसलेल्या ठोशांमुळे मुष्टियोद्ध्यांची बोली अडखळते, तोल जातो, स्मृती विरते, हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने वैद्यकीय नियतकालिकात १९२८ साली मांडले होते. ज्या दीर्घकवितेवर हा चित्रपट बेतला आहे, तीही १९२८ चीच. ज्या वर्षी डॉक्टरांनी या आजाराची नोंद केली त्याच वर्षी एका कवीनेही या धंद्याचे अंतरंग उघडे केले, हा योगायोग मला विलक्षण वाटतो.

आपण पार्श्वसंगीताविषयीही विचारले आहे. चित्रपटात ते जवळपास नाहीच. जे संगीत कानावर पडते ते शेजारच्या नाचघरातले, रेडिओवरचे, रस्त्यावरचे. बाकी आवाज आहेत ते घंटेचे, हातमोज्यांचे आणि गर्दीचे. आता काय वाटून घ्यायचे हे सांगायला व्हायोलिन येत नाही, म्हणूनच प्रत्येक ठोसा कोरडा आणि खरा वाटतो.

प्रश्न : मी धुळ्यात तालीम चालवतो. आमच्याकडे जत्रेतल्या दंगलीत नूरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवलेली कुस्ती, होते हे उघड गुपित आहे, पण नूरा कुस्ती म्हटली की दोन्ही पैलवानांना ते ठाऊक असते. ज्याला हरायचे आहे त्यालाच न सांगता कुस्ती ठरवायची, हे पटत नाही. असे कोण करील? (एक वस्ताद, धुळे)

वस्ताद, आपला प्रश्न थेट चित्रपटाच्या गाभ्याला भिडतो. नूरा कुस्तीत दोघे पैलवान, कधी त्यांचे वस्ताद आणि कधी दंगल भरवणारेही सामील असतात. फसतो तो मातीभोवती बसलेला प्रेक्षक. ‘द सेट-अप’मध्ये फसवला जातो तो खुद्द लढणारा. टायनी या व्यवस्थापकाने लिटल बॉय या टोळीवाल्याकडून ५० डॉलर घेतलेले असतात. ‘स्टोकरला सांगायला हवे’ असे त्याचा साहाय्यक रेड काकुळतीने म्हणतो, तेव्हा टायनीचे उत्तर साधे असते : तो असाही हरणारच आहे, मग सांगायचे कशाला? सांगितले की वाटा द्यावा लागेल.

मला त्या पन्नास डॉलरांपेक्षा ही खात्री अधिक भयंकर वाटते. जो माणूस वर्षानुवर्षे स्टोकरच्या कोपऱ्यात उभा राहिला, ज्याने त्याच्या जखमांवर औषध लावले, त्याच्या मनात स्टोकर जिंकण्याची शक्यता इतकीही उरलेली नाही की खबरदारी म्हणून तरी त्याला कानात सांगावे. आणि मग घडते ते असे की स्टोकर पडतो आणि उठतो, पुन्हा पडतो आणि पुन्हा उठतो, आणि तिसऱ्या फेरीअखेर पारडे त्याच्याकडे झुकू लागते. तेव्हा कुठे घाबरलेला टायनी त्याला खरी गोष्ट सांगतो. स्टोकर मुद्दाम हरायला नकार देतो आणि चौथ्या, म्हणजे अखेरच्या फेरीत नेल्सनला खाली पाडतो.

येथे एक बारकावा सुटू नये. स्टोकरने पैसे घेतलेले नाहीत, शब्द दिलेला नाही, म्हणून तो कोणाचा विश्वासघातही करत नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत तो जो लढला, तो कोणत्याही सौद्याची सावली न पडता लढला. याच प्रकारच्या इतर कथांत नायक आधी पैसे स्वीकारतो, मग त्याचे मन त्याला खाते आणि ऐनवेळी तो फिरतो. त्या पश्चात्तापाच्या कथा आहेत आणि त्याही मोलाच्या आहेत. ‘द सेट-अप’ मला त्यांहून वरचा वाटतो, कारण यात नायकाला स्वतःशी हिशेब चुकता करायचा नाही. त्याच्या नावावर इतरांनी केलेला सौदा त्याने केवळ नीट लढून मोडला आहे. त्याची किंमत मात्र त्यालाच मोजावी लागते. टायनी आणि रेड पळून जातात, सभागृह रिकामे होते, मागच्या गल्लीत टोळी त्याला गाठते आणि विटेने त्याचा हात ठेचते.

‘असे कोण करील’ याचे उत्तर त्या काळच्या अमेरिकी मुष्टियुद्धाच्या व्यवहारात आहे. सांघिक खेळात निकाल विकत घ्यायचा तर अनेकांची तोंडे बंद करावी लागतात. मुष्टियुद्धात एक माणूस वळवला तरी भागते. त्यातही लढत ठरवणे, पैसे घेणे, वाटणी करणे हे सारे व्यवस्थापकाच्या हाती असे आणि पैजा लावणाऱ्या टोळ्यांचे त्याच्याशीच बोलणे होई. नोव्हेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये जेक लमोटा हा नावाजलेला मुष्टियोद्धा बिली फॉक्सकडून चौथ्या फेरीत हरला. ती हार ठरवून पत्करली होती, हे त्याने १९६० साली अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केले. अजिंक्यपदाच्या लढतीची संधी मिळावी म्हणून त्याने ते केले होते आणि ती संधी त्याला मिळाली ती १९४९ साली, म्हणजे हा चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी. पडद्याआडून अनेक मुष्टियोद्ध्यांचे दोर हलवणारा फ्रँकी कार्बो हा टोळीवाला १९६१ मध्ये दोषी ठरला आणि त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. लमोटासारख्या माणसाला निदान विचारून हरवले गेले. पण प्रत्येक लहान सभागृहात, यादीतल्या शेवटच्या लढतीत उतरणाऱ्या माणसाला कोणी विचारत असेल, असे मानायला मी तयार नाही.

प्रश्न : माझी मुलगी शाळेपासून बॉक्सिंग शिकते. तिची लढत मी पाहू शकत नाही, बाहेर उभी राहते. चित्रपटातली पत्नीही सामन्याला जात नाही. तिची बाजू चुकीची म्हणून दाखवली आहे का? (एक आई, शहादा)

ताई, उलट चित्रपट तिच्याच बाजूचा आहे. ज्युलीची भूमिका ऑड्री टॉटर यांनी केली आहे. समोरच्याच हॉटेलच्या खोलीत स्टोकर तिला सांगत असतो की आता फक्त एक ठोसा नीट बसला की वरच्या दर्जाच्या लढती मिळतील, आणि ती म्हणते की तो एक ठोसा तुझ्यापासून कायम तेवढ्याच अंतरावर राहणार आहे. ती तिकीट घेते, सभागृहाच्या दारापर्यंत जाते आणि आतला गलका ऐकून माघारी फिरते. इकडे स्टोकर कपड्यांच्या खोलीच्या खिडकीतून त्यांच्या खोलीतला दिवा पाहत असतो. तो विझतो तेव्हा ती आपल्याला पाहायला निघाली असे समजून त्याचा चेहरा उजळतो. पुढे लढताना त्याची नजर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे जाते, आणि त्याच वेळी ती शहरभर भटकून एका पुलावर उभी असते, खालून वाहने धडधडत जात असतात आणि ती तिकिटाचे तुकडे करून खाली सोडते. दोघेही एकमेकांचाच विचार करत आहेत आणि दोघांनाही ते कळण्याचा मार्ग नाही.

ज्युली जिथे बसली नाही, तिथे कोण बसले आहे हे वाइज आपल्याला सतत दाखवतात. एक जाडा गृहस्थ, ज्याचे खाणे लढतीभर थांबत नाही. एक जण, ज्याच्या कानाला बेसबॉलच्या सामन्यासाठी रेडिओ चिकटलेला आहे. एक अंध माणूस, जो शेजाऱ्याकडून प्रत्येक ठोशाचे वर्णन ऐकतो आणि ‘डोळ्यावर मार’ म्हणून ओरडतो. आणि एक बाई, जी आत येताना हे सगळे मला सोसवत नाही म्हणत होती आणि लढत रंगात आल्यावर सर्वांत मोठ्याने किंचाळते. या चेहऱ्यांवर कॅमेरा इतक्या जवळून आणि इतक्या वेळा जातो की ज्युलीची रिकामी खुर्ची हीच त्या सभागृहातली सर्वांत सभ्य जागा वाटू लागते.

आपल्या मुलीचे बॉक्सिंग मात्र त्या सभागृहातले नाही, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. हौशी स्पर्धांत तीन फेऱ्या असतात, मुलींना डोक्याचे संरक्षक कवच घालावे लागते, डॉक्टर रिंगजवळ असतात आणि मार बसलेल्या खेळाडूसमोर पंच आठपर्यंत मोजून, गरज पडल्यास लढत थांबवतात. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांचे बॉक्सिंग प्रथम आले आणि मेरी कोम यांनी त्यात कांस्यपदक मिळवले. तरीही कवचाने कापणे-फुटणे टळते, मेंदूला बसणारा हादरा पूर्णपणे टळत नाही. म्हणून डोक्याला मार लागल्यावर गरगरले, मळमळले किंवा विसरायला झाले, तर डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत तिला सरावाला पाठवू नका, प्रशिक्षक कितीही घाईत असले तरी.

प्रश्न : पडद्यावरचे ठोसे खरे आहेत का? (एक महाविद्यालयीन बॉक्सिंगपटू, जळगाव)

ठोसे आखलेले आहेत, पण ते मारणारा माणूस खरा मुष्टियोद्धा आहे. स्टोकरची भूमिका करणारे रॉबर्ट रायन डार्टमथ कॉलेजात असताना हेवीवेट गटाचे विजेते होते, आणि लढतीची आखणी जॉन इंड्रिसानो या माजी व्यावसायिक मुष्टियोद्ध्याने केली होती. आपण स्वतः रिंगमध्ये उतरता, तेव्हा रायन यांच्या पायांकडे आणि खांद्यांकडे पाहा. दमल्यावर हात कसे खाली येतात, प्रतिस्पर्ध्याला मिठी मारून दोन श्वास कसे चोरले जातात, स्टुलावर बसताना गुडघे कसे सुटतात, हे ज्याने अनुभवले नाही त्याला इतक्या बारकाईने करता येत नाही. एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून लढत टिपली आहे, त्यामुळे ती तुकड्यातुकड्यांत घडल्यासारखी वाटत नाही. मिल्टन क्रॅस्नर यांच्या छायाचित्रणाला १९४९ च्या कान महोत्सवात पुरस्कार मिळाला, तो यथायोग्यच होता.

प्रश्न : मूळ कवितेतला नायक कृष्णवर्णीय होता असे वाचले. मग चित्रपटात तो गोरा का केला? (एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ)

आपण वाचले ते बरोबर आहे. जोसेफ मॉन्क्युअर मार्च यांच्या कवितेतला पॅन्सी जोन्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा आहे आणि आपल्या वर्णामुळे त्याला काय काय सोसावे लागते हा त्या कवितेचा कणाच आहे. चित्रपटात तो कणा काढून टाकला गेला. त्या काळच्या मोठ्या चित्रसंस्था कृष्णवर्णीय अभिनेत्याला मुख्य भूमिका देण्यास सहसा धजावत नसत, आणि रायन हे तर आरकेओ या निर्मितीसंस्थेचे करारबद्ध नट होते. मार्च यांना हा बदल रुचला नव्हता आणि मलाही तो या चित्रपटाचा सर्वांत मोठा उणेपणा वाटतो, कारण ज्याची हार त्याला न विचारता विकली जाते, तो माणूस कृष्णवर्णीय असता तर त्या सौद्याचा अर्थ कितीतरी खोल गेला असता.

तरी कपड्यांच्या खोलीतला ल्यूथर हॉकिन्स नीट पाहा. ही भूमिका जेम्स एडवर्ड्स या कृष्णवर्णीय अभिनेत्याने केली आहे. हॉकिन्स आत्मविश्वासाने जातो, जिंकून परततो आणि स्टोकरशी बरोबरीच्या नात्याने, आपुलकीने बोलतो. त्याला विनोदाचा विषय केलेले नाही, नोकर केलेले नाही. १९४९ च्या हॉलिवूडमध्ये एवढेही सहज मिळत नसे.

प्रश्न : यात खून नाही, गुप्तहेर नाही. मग याला ‘फिल्म न्वार’ (गुन्हेगारीभोवतीचा काळोख्या वृत्तीचा चित्रपट) का म्हणतात? (एक वाचक, अमळनेर)

कारण ‘न्वार’ हा खुनाचा नव्हे, जगाकडे पाहण्याचा प्रकार आहे. सगळी कथा एका रात्रीत घडते, सुटकेच्या वाटा एकेक करून बंद होतात, आणि माणसाच्या पाठीमागे कोणीतरी त्याच्या नशिबाचा व्यवहार करून बसलेले असते. सामना संपल्यावर अंधाऱ्या सभागृहात स्टोकर एकेक दार ढकलून पाहतो आणि प्रत्येक दार कुलूपबंद निघते, तो प्रसंग पाहिला की वेगळ्या व्याख्येची गरज उरत नाही.

प्रश्न : याच जातीचे आणखी कोणते चित्रपट पाहावेत आणि कोणत्या क्रमाने? (एक दांपत्य, शिरपूर)

आधी ‘बॉडी अँड सोल’ (१९४७) पाहावा. त्यात जॉन गारफिल्ड यांचा नायक पैसे घेतो आणि नंतर फिरतो, त्यामुळे वर सांगितलेला फरक आपल्याला स्वतःच ताडून पाहता येईल. छायाचित्रकार जेम्स वाँग हाव यांनी चाकांचे स्केट्स पायांत घालून रिंगमध्ये फिरत त्यातली लढत टिपली आहे, आणि कॅनडा ली या माजी मुष्टियोद्ध्याने त्यात कृष्णवर्णीय विजेत्याची जी भूमिका केली आहे, ती भुसावळच्या वाचकांनीही अवश्य पाहावी. कर्क डग्लस यांचा ‘चॅम्पियन’ (१९४९) मी त्यानंतर सुचवीन. तो अधिक भडक आहे, पण महत्त्वाकांक्षेने माणूस कसा निष्ठुर होतो हे त्यात ठसठशीतपणे दिसते.

शेवटी ‘द हार्डर दे फॉल’ (१९५६), हम्फ्री बोगार्ट यांचा अखेरचा चित्रपट. यात अर्जेंटिनाहून आणलेल्या एका अवाढव्य पण साध्याभोळ्या तरुणाच्या लढती त्याच्या नकळत ठरवल्या जातात. मात्र येथे विकत घेतली जाते ती त्याची हार नव्हे, त्याचे विजय. आपण खरोखर बलवान आहोत असे समजून तो अजिंक्यपदाच्या लढतीत उतरतो आणि बेदम मार खातो. नंतर हिशेब होतो तेव्हा सगळे खर्च वजा जाता त्याच्या वाट्याला पुरते ५० डॉलरही उरलेले नसतात. वस्तादांनी विचारलेला प्रश्न घेऊन हा चित्रपट पाहावा. यातले आणि ‘द सेट-अप’मधले व्यवस्थापक अशिष्ट बोलीत भरभर बोलतात, तेव्हा इंग्रजी उपशीर्षके सुरू ठेवलेली बरी; आणि ‘द सेट-अप’ मात्र मध्ये न थांबवता, एका बैठकीत पाहावा.